नवे फादर आणि डोंगरावरची शाळा

मशिदीत नवे इमामसाहेब आले की मोहल्ल्यात चार दिवस त्यांचीच चर्चा असते. आवाज कसा आहे, जुम्म्याचे प्रवचन किती लांबते, मुलांना शिकवताना रागावतात का, अशा चौकश्या चालतात. देवळात नवा पुजारी आला किंवा शाळेत नवे हेडमास्तर आले, तरी हेच होते. माणूस नवा असतो आणि जागा जुनी असते. जुनी जागा नव्या माणसाला आधी निरखून घेते.

कॅथलिक चर्चमध्ये मात्र नव्या फादरचे येणे ही याहून मोठी घटना असते. ती का, हे समजण्यासाठी चर्चची रचना थोडी पाहायला हवी. कॅथलिक पंथात प्रत्येक भागाचे एक चर्च ठरलेले असते. त्या चर्चभोवती राहणाऱ्या कुटुंबांचा मिळून जो समाज होतो, त्याला ‘पॅरिश’ म्हणतात. वसईच्या मराठी ख्रिस्ती समाजाने त्यासाठी ‘धर्मग्राम’ असा सुरेख शब्द रूढ केला आहे. धर्माचे गाव! मूल जन्मले की त्याच्या बाप्तिस्म्याची नोंद तिथे, लग्नाची नोंद तिथे आणि शेवटची मूठभर मातीही तिथलीच.

पण या गावाचा प्रमुख धर्मगुरू गावाने निवडलेला नसतो. आमच्याकडे इमामाला जमात किंवा विश्वस्त मंडळ नेमते. फादरना बिशप पाठवतात आणि बदलीही बिशपच करतात. आज चर्चचा जो कायदा लागू आहे तो १९८३ चा. त्याप्रमाणे प्रत्येक धर्मग्रामात हिशेब पाहणारी समिती असावीच लागते. सल्ला देणारे मंडळही असू शकते, पण त्याचे काम सल्ल्यापुरतेच. गावातल्या वाटाही ज्याला ठाऊक नाहीत, अशा माणसाच्या हाती एके दिवशी गावाच्या किल्ल्या येतात.

मग हा नवा माणूस काय बदलतो? बहुतेक ठिकाणी मिस्साची वेळ बदलते, गायनवृंद बदलतो, भिंतींना नवा रंग लागतो, सणाचा थाट थोडा वाढतो किंवा कमी होतो. लोक म्हणतात, ‘आधीचे फादर असे करत नव्हते.’ काही वर्षांनी त्या फादरची बदली होते आणि लोक पुढच्या फादरना या फादरचे दाखले देऊ लागतात. हे चालायचेच. पण कधी कधी एखादा माणूस असा येतो, की तो भिंतींना हात लावत नाही, माणसांना हात घालतो. आज अशाच एका धर्मगुरूविषयी सांगायचे आहे. त्यांचे धर्मग्राम इटलीतल्या एका डोंगरावर होते, शंभर-सव्वाशे माणसांचे. गावाचे नाव बार्बियाना आणि धर्मगुरूंचे नाव डॉन लोरेन्झो मिलानी.

‘डॉन’ या शब्दाने दचकू नका. आपल्याकडे सिनेमाने आणि मुंबईने या शब्दाचे जे काही केले, ते थोडा वेळ बाजूला ठेवू. इटलीत धर्मगुरूंच्या नावाआधी आदराने ‘डॉन’ लावतात, आपण ‘फादर’ म्हणतो तसे.

लोरेन्झो मिलानींचा जन्म २७ मे १९२३ रोजी फ्लॉरेन्स शहरात झाला. घर श्रीमंत होते आणि विद्वानांचे होते. पणजोबा दोमेनिको कोम्पारेत्ती हे नावाजलेले भाषापंडित. आई ज्यू घराण्यातली. घरात धर्माचे वातावरण जवळजवळ नव्हतेच. १९३३ मध्ये जर्मनीत हिटलर सत्तेवर आला. त्याच वर्षी मिलानी कुटुंबाने मुलांचा बाप्तिस्मा करून घेतला, तो श्रद्धेपेक्षा संरक्षणासाठी. लोरेन्झो मोठा झाल्यावर चित्रकला शिकू लागला. आणि १९४३ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, महायुद्ध ऐन भरात असताना, हा मुलगा खरोखरच ख्रिस्ती झाला. नुसता ख्रिस्ती होऊन थांबला नाही, तर धर्मगुरू होण्यासाठी सेमिनरीत दाखल झाला. १९४७ मध्ये त्याला गुरुदीक्षा मिळाली.

त्या वर्षी नेमणूक झाली ती कालेन्झानो या गावातल्या सान दोनातो धर्मग्रामात, वृद्ध प्रमुख धर्मगुरूंचा सहायक म्हणून. हा भाग प्रातो शहराजवळचा. प्रातो म्हणजे कापड गिरण्यांचे शहर, आपल्या इचलकरंजी-मालेगावसारखे म्हणा. वस्ती कामगारांची आणि शेतकऱ्यांची. तो काळही लक्षात घ्यायला हवा. युद्ध संपलेले होते आणि इटली दोन गटांत विभागली होती. एकीकडे चर्चचा पाठिंबा असलेला ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्ष आणि दुसरीकडे कम्युनिस्ट. १९४९ मध्ये रोमहून आदेश निघाला, की जाणूनबुजून कम्युनिस्ट पक्षाला साथ देणाऱ्या कॅथलिकांना चर्चचे संस्कार मिळणार नाहीत. एका गल्लीतले, एका गिरणीतले कामगार दोन गटांत वाटले गेले.

अशा धर्मग्रामात आलेल्या तरुण धर्मगुरूला एक गोष्ट खुपली. लोक चर्चमध्ये येत, मिरवणुकीत चालत, मुलांचे बाप्तिस्मे करत. पण त्यांना वेदीवरून सांगितलेले कळतच नव्हते. श्रद्धा कमी होती म्हणून नव्हे. शब्दच ठाऊक नव्हते. चार-पाच इयत्ता शिकून गिरणीत गेलेल्या माणसाला प्रवचन कळत नाही, वर्तमानपत्र कळत नाही, मालकाने पुढे केलेला कागदही कळत नाही. मिलानींनी ठरवले, की आधी भाषा द्यायची, मग धर्म.

त्यांनी तरुण कामगारांसाठी रात्रीची शाळा काढली. तिचे दार सर्वांना उघडे होते. कम्युनिस्टांची मुलेही यावीत, त्यांना परके वाटू नये, म्हणून वर्गाच्या भिंतीवरचा क्रूस त्यांनी स्वतःच्या हाताने उतरवून ठेवला. एका धर्मगुरूने हे करावे, याचा त्या काळात किती गवगवा झाला असेल याची कल्पना करा. पण त्यांचा हिशेब सरळ होता. भिंतीवरचा क्रूस काढल्याने ख्रिस्त जात नाही. क्रूस पाहून एखादा गरीब मुलगा दारातून मागे फिरला, तर मात्र काहीतरी नक्की जाते.

तरुणांनी चर्चकडे यावे म्हणून फुटबॉल, टेबल-टेनिस, सिनेमा ठेवणारे धर्मगुरू त्या वेळी पुष्कळ होते. मिलानींना ते मान्य नव्हते. ज्याला दिवसभर राबून दोन तास मिळतात, त्याचे ते दोन तास खेळात घालवायला लावणे म्हणजे त्याला आहे तिथेच ठेवणे, असे त्यांचे मत होते. मत टोकाचे होते. पण त्यामागचा प्रश्न आजही प्रत्येक धर्माच्या प्रत्येक पुढाऱ्याला विचारावा असा आहे. तुम्हाला गर्दी हवी आहे, की माणसे?

असा माणूस वरिष्ठांना आणि राजकीय पुढाऱ्यांना सोयीचा असणे शक्य नव्हते. १९५४ मध्ये वृद्ध प्रमुख धर्मगुरू वारले. सात वर्षे काम केलेल्या सहायकाला त्यांची जागा मिळेल अशी अपेक्षा होती. त्याऐवजी मिलानींना बढतीच्या नावाखाली बार्बियानाला पाठवण्यात आले. आपल्याकडे सरकारी नोकरीत ‘गडचिरोलीला टाकले’ असे जे म्हणतात, तसलाच हा प्रकार. गडचिरोलीकरांनी रागावू नये. त्यांच्यासारखेच काहीसे बार्बियानाच्या लोकांनाही वाटले असेल.

बार्बियाना हे मुगेल्लो खोऱ्यात, मोन्ते जोवी डोंगराच्या उतारावर. गाव असे नव्हतेच. एक चर्च, त्याला लागून धर्मगुरूंचे घर, एक लहानशी दफनभूमी आणि रानात दूर दूर विखुरलेली घरे. वीज नाही, नळ नाही, गाडीरस्ता नाही. लोक वाट्याने शेती करणारे, पिकाचा अर्धा हिस्सा जमीनमालकाला देणारे. चर्चच्या दृष्टीने हे धर्मग्राम बंद होण्याच्या मार्गावर होते. अशा ठिकाणी ७ डिसेंबर १९५४ च्या सुमारास, थंडी-पावसात, एकतीस वर्षांचा हा शहरी, श्रीमंत घरातला माणूस पोहोचला.

आणि पोहोचल्यावर त्यांनी पहिले काम काय केले? दुसऱ्याच दिवशी ते डोंगर उतरून खालच्या विक्यो गावच्या कचेरीत गेले आणि बार्बियानाच्या दफनभूमीत स्वतःच्या कबरीसाठी जागा विकत घेतली.

मला वाटते, साऱ्या गोष्टीचा गाभा इथे आहे. बदली होऊन आलेला माणूस परत जाण्याचे दिवस मोजतो. लोकांनाही ते कळत असते. तो बोलतो ते लोक ऐकून घेतात, मनावर घेत नाहीत. कारण उद्या हा जाणार आणि आपण इथेच राहणार. मिलानींनी पहिल्याच दिवशी हा हिशेब मोडून टाकला. मी जाणार नाही, मी इथेच मरणार आहे, हे त्यांनी प्रवचनात सांगितले नाही. कचेरीत पैसे भरून सांगितले. धर्मग्रामात येणाऱ्याने आधी ग्रामस्थ व्हावे लागते. धर्म नंतर.

मग शाळा सुरू झाली. डोंगरावरच्या मुलांची कथा ठरलेली होती. प्राथमिक शाळा कशीबशी व्हायची. पुढच्या शाळेसाठी खाली जायचे तर तासन्‌तास चालणे. जे जात ते नापास होऊन परत येत आणि गुरांमागे लागत. मिलानींनी आपल्याच घरात, प्राथमिक शाळा संपवलेल्या सहा मुलांना घेऊन १९५६ मध्ये पूर्ण वेळची शाळा मांडली. सकाळी आठला सुरू होणारी शाळा संध्याकाळपर्यंत चाले. वर्षाचे ३६५ दिवस. रविवारीसुद्धा, मिस्सा झाल्यावर. सुट्टी हवी असे मुले म्हणत नसत, कारण त्यांच्या लेखी सुट्टी म्हणजे गोठा आणि रान. हळूहळू आसपासच्या वाड्यांतूनही मुले जंगलातून चालत येऊ लागली.

या शाळेत फळी, रंधा, करवत होती आणि टेबले मुलांनीच बनवली होती. मोठी मुले धाकट्यांना शिकवत. कोणी नापास होत नसे. ज्याला सगळ्यात उशिरा कळते, त्याला कळेपर्यंत पुढचा धडा सुरू होत नसे. रोज वर्तमानपत्र मोठ्याने वाचले जाई आणि अडलेल्या प्रत्येक शब्दाशी सगळे थांबत. हा शब्द कुठून आला, त्याचा भाऊबंद कोण, तो कोणाच्या सोयीसाठी वापरला आहे? एका शब्दावर तास निघून जाई. परदेशी भाषा शिकवल्या जात आणि मोठ्या मुलांना कामधंदा करत भाषा शिकण्यासाठी परदेशी पाठवले जाई. पाहुणा कोणीही येवो, प्राध्यापक असो की पुढारी, मुले त्याला प्रश्न विचारून भंडावून सोडत.

मुलांना पाण्याची भीती वाटायची. डोंगरावरच्या मुलांनी समुद्र पाहिलाच नव्हता. म्हणून धर्मगुरूंनी आणि मुलांनी मिळून चर्चजवळ एक छोटा पोहण्याचा तलाव बांधला. खेळासाठी नव्हे, भीती जावी म्हणून. चर्चच्या खिडकीसाठी मुलांनी रंगीत काचांचे एक चित्र केले. त्यातल्या संताच्या डोक्याभोवती तेजोवलय आहे आणि त्याचे डोके पुस्तकात आहे. अभ्यास करणारा संत! आणि वर्गाच्या भिंतीवर इंग्रजीत दोन शब्द लिहिले होते: ‘आय केअर’. मला त्याचे काहीतरी आहे, मला पर्वा आहे. मुसोलिनीच्या फॅसिस्टांची एक घोषणा होती, तिचा अर्थ ‘मला पर्वा नाही’ असा होता. बार्बियानाच्या भिंतीवरचे शब्द हे त्याचे उत्तर होते.

मी कवी आहे, त्यामुळे या शाळेतली शब्दांची जागा मला फार जवळची वाटते. माझ्या घरात बोलण्याची भाषा दखनी आणि शाळेची भाषा मराठी. पहिल्या इयत्तेत मुलगा गप्प बसतो तेव्हा त्याला काही येत नाही असे गुरुजींना वाटते. खरे तर त्याला पुष्कळ येत असते; फक्त ते वर्गाच्या भाषेत येत नसते. आदिवासी पाड्यावरच्या मुलाचे, ऊसतोड कामगाराच्या मुलीचे हेच होते. श्रीमंत आणि गरीब यांच्यातले खरे अंतर पैशाचे नाही, शब्दांचे आहे, असे मिलानी मानत. पैसा वाटता येतो, तो संपतोही. शब्द एकदा मिळाला की काढून घेता येत नाही. आमच्या परंपरेत प्रेषितांना मिळालेली पहिली आज्ञा वाचण्याची होती असे मानतात. वाचणे आणि श्रद्धा यांचे वैर नाही, हे त्या डोंगरावरच्या कॅथलिक धर्मगुरूने आपल्या पद्धतीने दाखवले.

पण म्हणून सगळे गोड होते असे समजू नये. मिलानी शिस्तीचे कडक आणि तोंडाचे तिखट होते. खेळणे हा त्यांना वेळेचा अपव्यय वाटे. बारा महिने तेरा काळ चालणारी शाळा आजच्या बालमानसशास्त्राला मानवणार नाही, आणि ती जशीच्या तशी कोणी उचलूही नये. मुली या शाळेत फार थोड्या होत्या. मुलीला शिकून काय करायचे, हा प्रश्न डोंगरावरच्या आईबापांच्या मनातून तेही पूर्ण काढू शकले नाहीत. शेतकऱ्यालाही कामाचा एक हात शाळेत जातो याचे दुःख होतेच. बदल आणणारा माणूस स्वतः निर्दोष असतो असे नाही. तो दोषांसकट तिथे राहतो, एवढेच.

वरिष्ठांशी त्यांचे कधीच जमले नाही. कालेन्झानोच्या अनुभवावर त्यांनी लिहिलेले पुस्तक १९५८ मध्ये चर्चच्या रीतसर परवानगीने निघाले. वर्ष संपण्याच्या आतच रोमच्या आदेशाने ते विक्रीतून काढून घेण्यात आले. मिलानींनी आदेश पाळला. चर्च सोडले नाही, झगा उतरवला नाही, वेगळा पंथ काढला नाही. आज्ञा पाळायची आणि सत्यही बोलायचे, या दोन्हींच्या मधली वाट फार अरुंद असते. ते आयुष्यभर त्या वाटेवर चालले.

१९६५ च्या फेब्रुवारीत त्या वाटेवर मोठा दगड आला. तोस्काना प्रांतातल्या लष्करी धर्मगुरूंनी एक पत्रक काढले. सदसद्विवेकाला स्मरून सैन्यात जायला नकार देणारे तरुण त्या वेळी इटलीत तुरुंगात जात. या पत्रकात अशा तरुणांना भित्रे ठरवले होते. वर्तमानपत्रातले ते कात्रण बार्बियानाच्या शाळेत वाचले गेले. गुरू आणि मुले इटलीच्या युद्धांचा इतिहास काढून बसले आणि मिलानींनी जाहीर पत्र लिहिले. ते पत्र ६ मार्च १९६५ रोजी ‘रिनाशिता’ या कम्युनिस्ट साप्ताहिकाने छापले. योगायोग पाहा, दुसऱ्याच दिवशी, ७ मार्चला, इटलीतल्या चर्चमध्ये लॅटिनऐवजी लोकांच्या इटालियन भाषेत मिस्सा सुरू झाली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने हे दार उघडले होते. त्याच दारातून आपल्या वसईच्या वेदीवर मराठी आली. ज्या प्रश्नाने मिलानींना कालेन्झानोत अस्वस्थ केले होते, त्याचे एक उत्तर सगळ्या चर्चलाच द्यावे लागले.

पत्राबद्दल मिलानींवर रोममध्ये खटला भरला गेला. तोवर त्यांना रक्ताच्या कर्करोगासारखा, लसिका ग्रंथींचा असाध्य आजार जडला होता. न्यायालयात जाणे शक्य नव्हते, म्हणून त्यांनी न्यायाधीशांना एक दीर्घ पत्र पाठवले. शिक्षकाचे काम आज्ञाधारकपणा शिकवणे नाही, कायदा अन्यायाचा असेल तर तो बदलण्याची आणि त्यासाठी शिक्षा भोगण्याची तयारी शिकवणे हे आहे, असा त्या पत्राचा आशय. १५ फेब्रुवारी १९६६ रोजी ते निर्दोष सुटले. सरकार पक्षाने अपील केले. त्याचा निकाल ऑक्टोबर १९६७ मध्ये त्यांच्या विरुद्ध लागला; पण आरोपी हयात नसल्यामुळे शिक्षेचा प्रश्नच उरला नव्हता. ज्या हक्कासाठी ते भांडले, तो सैन्यसेवा नाकारण्याचा हक्क इटलीच्या कायद्याने १९७२ मध्ये मान्य केला.

शेवटच्या दिवसांत बार्बियानाच्या आठ मुलांनी एक पुस्तक लिहिले. निमित्त होते सरकारी परीक्षेत नापास झालेल्या मुलांचे. एका शिक्षिकेला उद्देशून लिहिलेले हे दीर्घ पत्र. शाळा कोणाला नापास करते, ती मुले कोणाची असतात आणि वर्षागणिक कितीजण गळतात, याचे आकडे मुलांनी स्वतः गोळा केले. लिहिण्याची पद्धतही शिकण्यासारखी. प्रत्येकाने आपले विचार चिठ्ठ्यांवर लिहायचे, सगळ्या चिठ्ठ्या टेबलावर मांडायच्या, सारख्या चिठ्ठ्या एकत्र करायच्या, मग एकेक वाक्य मोठ्याने वाचून अनावश्यक शब्द काढत जायचे. शेवटी जे उरते ते कोणा एकाचे नसते, सर्वांचे असते. हे पुस्तक मे १९६७ मध्ये निघाले आणि जगभर गेले. मराठीतही त्याचा अनुवाद झाला आहे. पाचवी आणि आठवीत मुलांना नापास करावे की नाही, हा वाद आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर पुन्हा उभा राहिला. तो वाद घालणाऱ्यांनी हे पत्र एकदा वाचावे.

पुस्तक निघाल्यानंतर महिनाभरात, २६ जून १९६७ रोजी, डॉन मिलानी फ्लॉरेन्समध्ये आईच्या घरी वारले. वय चव्वेचाळीस. त्यांना बार्बियानाला नेण्यात आले आणि तेरा वर्षांपूर्वी विकत घेतलेल्या जागेत पुरण्यात आले. अंगावर धर्मगुरूची वस्त्रे होती आणि पायांत डोंगरात चालायचे बूट.

मग त्या धर्मग्रामाचे काय झाले? इथे आपल्याला जरा थांबून विचार करावा लागतो. कारण हिशेबाच्या वहीत पाहिले तर मिलानी अयशस्वी ठरतात. बार्बियाना वाढले नाही. साठच्या दशकात इटलीची खेडी ओस पडत होती, लोक कारखान्यांकडे जात होते, बार्बियानाचीही घरे रिकामी झाली. शाळा त्यांच्यामागे तशी चालली नाही. एखाद्या बिशपने विचारले असते, की मिस्साला येणारे किती वाढले, तर उत्तर देता आले नसते.

पण धर्मग्राम म्हणजे काय, घरे की माणसे? ज्या मुलांच्या नशिबी गुरे राखणे होते, ती मुले कामगार संघटनांत गेली, शिकवू लागली, लिहू लागली. त्यांच्या घरातच वाढलेले मिकेले जेझुआल्दी पुढे १९९५ ते २००४ या काळात फ्लॉरेन्स प्रांताचे अध्यक्ष होते. डोंगर रिकामा झाला, पण डोंगरावरची माणसे रिकामी राहिली नाहीत. आता शाळकरी मुले सहलीने तिथे येतात. चर्चकडे जाणाऱ्या पायवाटेवर इटलीच्या राज्यघटनेची कलमे चित्रांसह लावली आहेत. चित्रेही शाळेतल्या मुलांचीच.

ज्या चर्चने त्यांना डोंगरावर टाकले, त्याच चर्चचे प्रमुख पोप फ्रान्सिस २० जून २०१७ रोजी त्या डोंगरावर आले. पन्नास वर्षांनी का होईना, पण आले. मिलानींच्या कबरीजवळ उभे राहून त्यांनी मूक प्रार्थना केली आणि हा धर्मगुरू आपलाच होता, हे जाहीरपणे मान्य केले. पोप फ्रान्सिसही २०२५ मध्ये गेले. २०२३ मध्ये मिलानींच्या जन्मशताब्दीला इटलीचे राष्ट्राध्यक्षही बार्बियानाला येऊन गेले होते.

या गोष्टीतून प्रत्येक नव्या फादरने शाळा काढावी, असे मला सुचवायचे नाही. प्रत्येक गावाची गरज वेगळी असते. कुठे ती पाण्याची असते, कुठे पतपेढीची, कुठे दारू सोडवण्याची, तर कुठे नुसते कोणीतरी ऐकून घेण्याची. मिलानींनी दोनच गोष्टी केल्या. आपण इथलेच आहोत हे आधी कृतीने पटवले, आणि मग लोकांच्या हाती अशी वस्तू दिली, जी घेऊन त्यांना धर्मगुरूच्या शिवायही चालता येईल.

ही दुसरी गोष्ट अवघड आहे. आपल्यावाचून लोकांचे अडावे, असे पुढाऱ्याला, गुरूला, मौलवीला, फादरला, आणि खरे सांगायचे तर कवीलाही आतून वाटत असते. लोकांना आपली गरज उरू नये म्हणून झटणारा माणूस विरळा. तेव्हा तुमच्या गावात, मोहल्ल्यात, शाळेत किंवा धर्मग्रामात कोणी नवा माणूस आला आणि बदलाची भाषा बोलू लागला, तर त्याने भिंतीला कोणता रंग दिला ते पाहू नका. त्याच्या येण्यानंतर गावातला सगळ्यात गप्प बसणारा मुलगा बोलू लागला का, एवढेच पाहा.